स्ट्राँग रूमची चावी आणि हौदाचा बॉल कॉक : इंदूरच्या एका बँक अधिकारी बाईंचं प्रकरण

हे प्रकरण कुणा एकीचं नाही. इंदूरमधल्या नोकरदार मराठी बायकांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या तपशिलांतून ते जुळवलं आहे. घर, शाखा, माणसं आणि त्यांचे आकडे अभ्यासासाठी बेतलेले आहेत. चाचण्या, त्यांच्या गुणांचे अर्थ आणि संशोधनाचे संदर्भ मात्र खरे आहेत. बाईंना इथे श्रीमती अ. म्हणू.

परिस्थिती

श्रीमती अ., वय ४४. सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकेत अधिकारी, नोकरीला १८ वर्षं झालेली. घर सुदामा नगरात, शाखा शहराच्या पार पलीकडच्या टोकाला. स्कूटरवर एका खेपेला ३५ ते ४० मिनिटं, पावसात त्याहून जास्त. यजमान पीथमपूरच्या कारखान्यात सुपरवायझर. कंपनीची बस सकाळी ७ ला अन्नपूर्णा रोडवर येते आणि संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास परत सोडते. मुलगी दहावीला, मुलगा चौथीत. सासूबाई ७२ वर्षांच्या. मधुमेह आहे, गुडघे दुखतात, पण हिंडत्याफिरत्या आहेत. धुण्याभांड्याला बाई येते, स्वयंपाकाला कुणी नाही.

जून संपता संपता त्या समुपदेशनाला आल्या त्या राजीनामा लिहूनच. झोप मोडते, छातीत धडधडतं, मुलांवर ओरडणं होतं आणि रात्री त्याचंच वाईट वाटत राहतं. परतीच्या वाटेवर सिग्नलला थांबलं की रडू येतं. गोष्टी लक्षात राहत नाहीत: सासूबाईंच्या साखरेच्या तपासणीची तारीख हुकली, शाखेत एका चेकवरची सही न पडताळता चेक पुढे गेला. ती चूक त्याच संध्याकाळी सापडली म्हणून निभावलं. दोन वर्षं त्यांनी प्रमोशनचा फॉर्म भरलेला नाही, कारण प्रमोशन म्हणजे बदली.

या अवस्थेचं कारण प्रत्येकाकडे तयार होतं. यजमानांच्या मते बँकेत काम फार वाढलंय. सासूबाई म्हणत, ‘ती सगळंच मनाला लावून घेते.’ शाखेत ऐकू येई, ‘मॅडम घर की टेन्शन में रहती हैं।’ आणि त्या स्वतः म्हणत, ‘बाकीच्यांना जमतं, मलाच जमत नाही.’ चारही कारणं पटण्यासारखी होती आणि एकही कुणी तपासून पाहिलेलं नव्हतं.

पहिला निर्णय राजीनाम्याबद्दल झाला: १२ आठवडे तो कागद कपाटात राहील. मन खचलेलं असताना समोरचे रस्ते कमी दिसतात, आणि सार्वजनिक बँकेतली नोकरी एकदा सोडली की परत मिळत नाही. नोकरी सोडू नका असं त्यांना कुणी सांगितलं नाही. फक्त हा निर्णय त्या अवस्थेत घ्यायचा नाही, एवढंच ठरलं.

आधी शरीर

नोकरदार बाई थकल्याचं सांगते तेव्हा ‘ताण आहे’ म्हणून मोकळं होणं फार सोपं असतं. चाळिशीनंतर तर रक्ताची तपासणी केल्याशिवाय पुढे जाऊच नये. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइडसाठी टीएसएच, बी१२ आणि साखर एवढं तरी पाहावं. श्रीमती अ. यांचं हिमोग्लोबिन ९.४ निघालं, गरोदर नसलेल्या स्त्रीचं ते १२ च्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. फेरिटिनही कमी. थायरॉइड ठीक. दीड वर्षापासून पाळीत रक्तस्राव खूप होत होता आणि ‘या वयात असंच चालायचं’ म्हणून त्यांनी तो कुणाला दाखवला नव्हता. स्त्रीरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी करून त्यावरचे उपचार वेगळे सुरू केले.

लोहाच्या गोळ्या त्यांनी मागेही दोन महिने घेतल्या होत्या, पण उपयोग झाला नव्हता. विचारल्यावर कळलं, गोळी सकाळच्या चहाबरोबर घेतली जायची. चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषलं जात नाही. गोळीच्या आधी एक तास आणि नंतर दोन तास चहा नको, कॅल्शियमची गोळीही तिच्याबरोबर नको. त्यांच्यासाठी वेळ ठरली दुपारची: शाखेत जेवणाआधी, लिंबूपाण्याबरोबर. हिमोग्लोबिन भरून निघाल्यावरही शरीरातला साठा भरायला साधारण तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. बहुतेक बायका बरं वाटायला लागलं की तिथेच सोडतात.

धडधड, दम लागणं, विसराळूपणा, चिडचिड यांतलं बरंच काही रक्तक्षयानेही होतं. म्हणून मनाचे आकडे वाचताना हे लक्षात ठेवावं लागतं.

मनाचे आकडे

तीन छोट्या प्रश्नावल्या वापरल्या. नैराश्यासाठीच्या पीएचक्यू-९ मध्ये गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, एकूण गुण ० ते २७. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून बरंच तीव्र आणि २० पासून तीव्र नैराश्य धरतात. त्यांचे गुण आले १४. चिंतेसाठीच्या जीएडी-७ मध्ये २१ पैकी ११, म्हणजे मध्यम. डब्ल्यूएचओ-५ ही स्वास्थ्याची प्रश्नावली आहे, तिच्यात गुण जास्त तितकं बरं. मिळालेल्या गुणांना ४ ने गुणून १०० पैकी आकडा काढतात. त्यांचे २५ पैकी ८, म्हणजे ३२. हा आकडा ५० किंवा त्याखाली असला तर पुढची तपासणी करतात.

पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मेलेलं बरं असं वाटण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे त्यांचं उत्तर शून्य होतं. ते शून्य नसेल तर बाकीचे गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलायचं. इंदूरमध्ये बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन नंबर चोवीस तास, विनामूल्य चालतो. श्रीमती अ. यांनाही एकदा मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. औषध लगेच सुरू न करता चार ते सहा आठवडे समुपदेशन आणि लोहाचे उपचार करून पुन्हा मोजावं, असं त्यांनी ठरवलं. १४ गुणांना प्रत्येकीच्या बाबतीत हाच निर्णय होईल असं नाही. तो डॉक्टरांचा असतो.

चौथी मोजणी ओढाताणीची. नेटेमायर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये यासाठी एक मापनी तयार केली. तिचा फायदा असा की ती दोन दिशा वेगळ्या मोजते: नोकरीचा त्रास घराला किती, आणि घराचा त्रास नोकरीला किती. प्रत्येकी पाच विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण, म्हणजे ५ ते ३५. श्रीमती अ. यांचे नोकरीकडून घराकडे २९ आणि घराकडून नोकरीकडे २६ आले. सारा दोष बँकेचा, असं धरून त्या आल्या होत्या. दुसरा आकडा पाहून त्या गप्प झाल्या. नोकरी सोडल्यावर हा दुसरा त्रास नोकरीपुरता संपतो, पण ज्या कारणाने तो होतो ते कारण घरातच राहतं.

१४ दिवसांची नोंद

मग १४ दिवस त्यांनी अर्ध्या अर्ध्या तासाची नोंद ठेवली. वहीत चार रकाने: काय केलं, ते करायचं कुणाच्या लक्षात होतं, मध्ये कशाने खंड पडला, आणि जिवावर किती आलं ते ० ते १० मध्ये. दुसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि बहुतेक नोंदवह्यांत नेमका तोच नसतो. त्याशिवाय सकाळी १० ते संध्याकाळी ५ या वेळातली फोनची यादी मोबाइलमधूनच उतरवून घेतली. तिथे आठवणीवर विसंबायचं नाही. १४ दिवसांत दोन रविवार आणि एक सुटीचा शनिवार गेला (बँका २०१५ च्या सप्टेंबरपासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात), उरले ११ कामाचे दिवस.

कामाच्या दिवशी घरकाम सरासरी २६२ मिनिटं निघालं. देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची सरासरी दिवसाला २९९ मिनिटं होती आणि पुरुषांची ९७. म्हणजे आठ-दहा तासांची नोकरी करूनही श्रीमती अ. त्या सरासरीपासून फार लांब नव्हत्या. तरी ‘जिवावर किती आलं’ या रकान्यातले ८, ९ आणि १० स्वयंपाकाच्या वेळेत पडलेच नव्हते. ते तीन जागी गोळा झाले होते: एक दिवसाआड पहाटे, दिवसभर फोन वाजेल तेव्हा, आणि संध्याकाळी सहा ते आठ.

सगळी मेहनत या तीन जागांवर लावायची, बाकी तूर्त तसंच चालू द्यायचं, असं ठरलं. योग, ध्यान, ‘स्वतःसाठी वेळ काढा’ हे सल्ले त्यांना आधीच भरपूर मिळाले होते. यादीत आणखी एक काम वाढलं आणि तेही होत नाही म्हणून आणखी एक अपराध, एवढंच त्यातून झालं होतं.

पहाट: हौदाचा बॉल कॉक

इंदूरच्या बऱ्याच भागांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. यांच्या गल्लीत ते पहाटे साडेपाचच्या सुमारास. पाणी आधी अंगणातल्या हौदात पडतं, तिथून मोटरने वरच्या टाकीत. हौदाचा बॉल कॉक दोन वर्षांपूर्वी बिघडला. तेव्हापासून हौद भरला की हाताने कॉक बंद करावा लागे, नाहीतर पाणी रस्त्यावर. ते काम श्रीमती अ. यांच्याकडे आलं, कारण त्यांची झोप हलकी. पाण्याच्या दिवशी त्या सव्वापाचला उठत. पाणी नसेल त्या दिवशीही डोळा उघडे आणि आज पाणी आहे का नाही, या विचाराने पुन्हा लागत नसे. झोपायला पावणेबारा. म्हणजे साडेपाच तासांची झोप, तीही तुटक.

प्लंबरला बोलावून नवा बॉल कॉक बसवला, अर्ध्या तासाचं काम. पाणी आपोआप थांबतं, मोटर सकाळी सातनंतर कुणीही लावतो. हौदाचा तळ कोरडा असेल तर मोटर लावायची नाही, नाहीतर ती जळते, हे मुलीला दाखवून ठेवलं. उठण्याची वेळ रोज सहा ठरली, पाणी असो नसो. झोप बिघडलेल्या माणसाला उठण्याची वेळ पक्की ठेवण्याचा फायदा लवकर अंथरुणाला पाठ टेकण्यापेक्षा जास्त होतो. दोन आठवड्यांत झोप सहा तासांच्या वर गेली.

दोन वर्षं हे का झालं नाही? पैशाचा प्रश्न नव्हता. प्लंबर दिवसा येतो आणि दिवसा घरी असणाऱ्या सासूबाईंना वाटे, हे सूनबाई ठरवतील. यजमानांना वाटे, अडचण काही नाही, काम तर होतंय. ज्याच्यावर त्रास पडत नाही त्याला बिघाड दिसत नाही, आणि जिच्यावर पडतो तिला बिघाडामागे लागायला वेळ नाही.

दिवस: मोबाइल नंबर कुणाचा

११ दिवसांत, दहा ते पाच या वेळात घरच्या कामाचे ८६ फोन आणि मेसेज आले. ३१ घरपोच वस्तू आणि त्यांच्या कोडचे, २२ सासूबाईंचे, १९ मुलांच्या शाळा-क्लासचे, १४ इतर. त्याच वेळात यजमानांच्या फोनवर असे ७ आले होते.

गॅसचं सिलिंडर घेऊन माणूस दारात उभा राहतो आणि कोड मागतो. कोड येतो नोंदलेल्या नंबरवर, म्हणजे काउंटरच्या मागे बसलेल्या श्रीमती अ. यांच्या फोनवर. सासूबाई फोन करतात. इकडे समोर आठ माणसांची रांग आणि एक रक्कम मंजुरीसाठी थांबलेली. फोन उचलला तर रांग कुरकुरते, नाही उचलला तर सिलिंडर परत जातं. वीज बिल, दूध, शाळेचं ॲप, पॅथॉलॉजी लॅब, मुलीच्या क्लासची फी, सगळीकडे त्यांचाच नंबर. घरातलं काम कुणाचं यावर घरात कधी चर्चा होत नाही. फॉर्म भरताना नंबरच्या रकान्यात जे लिहिलं जातं, तिथेच ते ठरून जातं.

म्हणून एका रविवारी यादी करून नंबर बदलले. गॅस, वीज, पाणी आणि मुलाची शाळा यजमानांच्या नंबरवर. यजमान गॅसचा कोड आला की तो सासूबाईंच्या फोनवर लगेच पाठवून ठेवतात. दूध आणि लॅब थेट सासूबाईंच्या नंबरवर. क्लासचं सगळं मुलीकडे. शाळेत नंबर बदलायला साधा अर्ज पुरला, पण फोन येतच राहिले, कारण वर्गशिक्षिकांच्या मोबाइलमध्ये ‘मम्मी’ म्हणून जुनाच नंबर जतन होता. शेवटी यजमानांनी स्वतः शाळेत जाऊन बाईंना सांगितलं, आणि श्रीमती अ. पालकांच्या ग्रुपमधून बाहेर पडल्या. सगळ्या योजनेत त्यांना अवघड गेलं ते हेच. इतर आयांनी विचारलं, ‘सब ठीक तो है?’ आणि तो प्रश्न त्यांना आठवडाभर बोचत होता. त्या आठवड्यात समुपदेशनाचा सगळा वेळ यावरच गेला, आणि तो द्यायलाच हवा होता.

संध्याकाळ: दोन चाव्या

बँकेच्या स्ट्राँग रूमला दोन चाव्या लागतात आणि त्या दोघांच्या ताब्यात असतात. दिवसाची कॅश जुळली, आत गेली, दोघांनी कुलपं लावली की दिवस संपतो. एक चावी १४ महिने सलग श्रीमती अ. यांच्याकडे होती. कुणा कॅशियरची रक्कम पाचशेने जुळेना की त्यांचं घरी जाणं अडलं. ११ दिवसांत त्या ३ दिवस साडेसहाच्या आत निघाल्या, ४ दिवस साडेसहा ते साडेसात, ४ दिवस त्यानंतर. त्या चारांपैकी दोनदा कॅशमधला फरक, एकदा एटीएममध्ये रोकड भरणं, एकदा ऑडिटचे कागद.

किती उशीर होतो, यापेक्षा केव्हा होणार हे ठाऊक नसणं घराला जास्त जाचत होतं. रोज पावणेआठ असते तर घराने तसं लावून घेतलं असतं. पण ‘सहाला येते’ म्हणून कुकर कुणी लावायचा नाही, आणि सव्वाआठला उपाशी मुलगा आणि साखर उतरलेल्या सासूबाई. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेला मुद्दा इथे लागू पडतो: कामाची मागणी जास्त आणि त्यावरचा आपला ताबा कमी, असं जिथे असतं तिथे ताण सगळ्यात जास्त साचतो.

शाखा प्रमुखांना त्यांनी एक पानाची टिपणी दिली. तिच्यात घराचा उल्लेख नव्हता. मजकूर साधारण असा: एकाच अधिकाऱ्याकडे सलग १४ महिने चावी आहे, अंतर्गत नियंत्रणाच्या दृष्टीने ती फिरती असावी, दुसऱ्या अधिकाऱ्याकडे १५ दिवसांच्या पाळीने, चावी रजिस्टरमध्ये रीतसर नोंद करून द्यावी. कॅशियरची रोकड दुपारी २ आणि ४ वाजता मधल्यामध्ये मोजावी, म्हणजे फरक कुठल्या दोन तासांतला ते संध्याकाळी लगेच कळेल. ठरावीक वेळेपर्यंत फरक सापडला नाही तर तो बँकेच्या नियमाप्रमाणे संबंधित खात्यात दाखवून दिवस बंद करावा आणि शोध दुसऱ्या दिवशी सुरू ठेवावा.

घरची अडचण सांगितली असती तर ती सवलत झाली असती, आणि सवलत पुढच्या शाखा प्रमुखाबरोबर जाते. चावी फिरवणं ही शाखेची गरज होती आणि ती तशीच मांडली. तरी पहिलं उत्तर ‘देखते हैं’ होतं आणि दोन आठवडे काहीच झालं नाही. दुसऱ्या टिपणीत तारखा घालून पाळीचा तक्ता जोडला, तेव्हा पाचव्या आठवड्यापासून ते सुरू झालं. तोंडी विनंती केली असती तर बहुधा तिथेच राहिली असती.

चावी नसलेल्या पंधरवड्यात त्या सव्वासहाला निघू लागल्या. चावी असलेल्या पंधरवड्यात घरी सांगून ठेवत: पावणेआठ. लवकर सुटल्या तर तो वेळ त्यांचा. त्यात आठवड्यातून तीनदा अन्नपूर्णा मंदिरापर्यंत वीस मिनिटांचं चालणं. नैराश्यात माणूस आवडीचं एकेक सोडत जातो, आणि ते छोट्या, ठरलेल्या तुकड्यांत परत आणावं लागतं.

घर: पहिल्यांदा काय फसलं

यजमान मनापासून तयार होते. पहिल्या रविवारी त्यांनी सहा कामं अंगावर घेतली. दोन आठवड्यांनी वही पाहिली तर श्रीमती अ. यांचा वेळ थोडा कमी झाला होता, जीव तेवढाच टांगलेला. कारण ‘अगं, काय आणू?’, ‘किती आणू?’, ‘आज की उद्या?’ हे सगळं त्यांनाच विचारलं जात होतं. समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये घरकामाच्या डोक्यातल्या भागाचे चार टप्पे दाखवले: आधीच अंदाज घेणं, पर्याय शोधणं, ठरवणं आणि झालं का ते पाहत राहणं. ठरवताना जोडपी बऱ्याचदा एकत्र असतात. पहिला आणि शेवटचा टप्पा मुख्यतः बायकांकडे राहतो. इथे हातची कामं यजमानांकडे गेली होती, पहिला आणि शेवटचा टप्पा जिथल्या तिथे.

दुसऱ्यांदा कामं कमी दिली, पण पुरी दिली. गॅस म्हणजे संपत आलाय हे ओळखण्यापासून बुकिंग, कोड, पैसे सगळं. आणि क्रम असा लावला की ज्यात चूक परवडते ते आधी. गॅस, वीज, किराणा आधी. सासूबाईंची औषधं सगळ्यात शेवटी. तिसऱ्या आठवड्यात गॅस खरोखर संपला, मंगळवारी सकाळी, डबे व्हायचे असताना. श्रीमती अ. यांनी लगेच फोन हातात घेतला होता. ठरल्याप्रमाणे तो ठेवला; त्या दिवशी इंडक्शनवर खिचडी झाली. काम परत ओढून घेण्याचा मोह पहिले तीन आठवडे फार असतो, आणि एकदा घेतलं की ते पुन्हा जात नाही.

स्वयंपाकाला बाई ठेवायची सूचना सासूबाईंमुळे अडेल असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘पोळ्या मी करते की. ओट्याशी उभं राहवत नाही, एवढंच.’ दोन वर्षांत कुणी त्यांना हे विचारलं नव्हतं. जेवायच्या टेबलावर पोळपाट मांडला, गुडघ्याला बरी पडेल अशा उंचीची खुर्ची घेतली. त्या बसून लाटतात, भाजायला मुलगी किंवा यजमान. संध्याकाळचा कुकर साडेसहाला त्याच लावतात. सकाळी कचरा गाडीचं गाणं ऐकू आलं की ओला-सुका डबा घेऊन मुलगा धावतो. सासूबाईंची साखर वेळेवर जेवणामुळेच जास्त ताब्यात आली. त्यांचे फोन कमी झाले ते कोड त्यांच्याकडे आल्यामुळे, आणि बहुधा घरात त्यांच्याकडे पुन्हा काहीतरी हातात आल्यामुळेही.

ग्रीनहाउस आणि ब्यूटेल या संशोधकांनी १९८५ मध्ये ओढाताणीचे तीन प्रकार सांगितले: वेळेची, ताणाची आणि वागण्याची. तिसऱ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. काउंटरवर उपयोगी पडणारा तुटक, नेमका सूर घरी तसाच येतो. मुलगी एकदा म्हणाली, ‘आई, मी काय कस्टमर आहे का?’ यावर उपाय साधा होता: घरी आल्यावर पहिली पंधरा मिनिटं हातपाय धुऊन, चहा घेऊन बसायचं, त्या वेळात कुणाचाही अभ्यास, हिशेब, तक्रार नाही. तो वेळ सासूबाईंनी राखला.

महालक्ष्म्या

दहाव्या आठवड्यापर्यंत सगळं सुधारत होतं. पीएचक्यू-९ सहाव्या आठवड्यात ९ वर आलेलं, त्यामुळे औषधाचा विषय मागे पडला होता. मग महालक्ष्म्या आल्या. त्याच आठवड्यात दुसरा अधिकारी आजारपणाच्या रजेवर गेला, चावी परत श्रीमती अ. यांच्याकडे, आणि सहामाही क्लोजिंग तोंडावर. पूजनाच्या दिवसाची रजा मिळाली. आवाहन आणि विसर्जनाची नाही. सोळा भाज्या, पुरण, २२ पानं. आदल्या रात्री त्या दीड वाजता झोपल्या. अकराव्या आठवड्यात गुण पुन्हा १२.

ढिलाई कुणाचीच नव्हती. नोंद जुलैच्या साध्या दिवसांत झाली होती, तिच्यात सण आलेच नव्हते. आणि सणाचं काम हे काम म्हणून कुणी धरलंच नव्हतं, श्रीमती अ. यांनी तर मुळीच नाही. त्यांना ते मनापासून हवं असतं. शाखेच्या तक्त्यातही चूक होती: दोनच नावं, म्हणजे एक आजारी पडला की पाळी संपली. तिसरं नाव घातल्याशिवाय असा तक्ता टिकत नाही.

दुरुस्ती म्हणून वर्षाचं कॅलेंडर काढून सण, बँकेच्या तारखा आणि परीक्षा एकाखाली एक लिहिल्या आणि जिथे टक्कर होते तिथे खूण केली. महालक्ष्म्यांचं काय करायचं, हे सुनेने सुचवून चाललं नसतं. ती रीत सासूबाईंची, सैल करण्याचा अधिकारही त्यांचा. त्यांनी स्वतः ठरवलं: पुढच्या वर्षी जेवायला घरचे आणि एक सवाष्ण, बाकीच्यांना संध्याकाळी हळदीकुंकू आणि प्रसाद. पुरण आदल्या दिवशी यजमान आणि मुलगी वाटतील. सोवळ्याचं काय, असं यजमानांनी विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘आंघोळ करून वाट म्हणजे झालं.’

सोळाव्या आठवड्यात

पीएचक्यू-९ चे गुण ७, जीएडी-७ चे ६, डब्ल्यूएचओ-५ चा आकडा ५६. हिमोग्लोबिन ११.८. नोकरीकडून घराकडे २९ चे २०, घराकडून नोकरीकडे २६ चे १६. या शेवटच्या मापनीला पास-नापासाची रेघ नाही, स्वतःच्याच आधीच्या आकड्याशी तुलना करायची. पीएचक्यू-९ मध्ये पाच गुणांची घट झाली की फरक खरा धरतात. इथे सात आहे. यातलं लोहाने किती, बॉल कॉकने किती आणि चावीने किती, हे वेगळं काढता येत नाही. अकराव्या आठवड्यात हिमोग्लोबिन चढतं असतानाही पीएचक्यू-९ चे गुण पुन्हा वाढले, यावरून एवढं म्हणता येतं की सगळं श्रेय गोळ्यांचं नाही.

कायद्याची मदत इथे कमी पडली. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय आली. हे फार मोलाचं आहे, पण या कायद्याची नजर तान्ह्या बाळाच्या आईवर आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी दहावीची मुलगी, मधुमेही सासू आणि स्वतःची बदलणारी पाळी एकाच वेळी सांभाळणाऱ्या बाईसाठी त्यात जागा नाही. तिला शाखेतलं रजिस्टर आणि घरातला तक्ता यांवरच भागवावं लागतं.

राजीनामा त्यांनी स्वतःच काढून टाकला. प्रमोशनचा फॉर्म भरला नाही. यंदा नको, असं त्यांनी आणि यजमानांनी बसून ठरवलं आणि पुढच्या वर्षीसाठी बदली कुठवर चालेल याची यादी केली. इंदूरहून रोज जाऊन येता येतील अशा देवास, महू आणि उज्जैनच्या शाखा त्या यादीत आहेत.

पुढची कसोटी फेब्रुवारी-मार्चमध्ये: मुलीची दहावीची परीक्षा आणि ३१ मार्चचं वार्षिक क्लोजिंग. पेपरच्या दिवशीची रजा यजमान घेतील, तसा अर्ज त्यांनी जानेवारीतच द्यायचा आहे. चावीच्या तक्त्यात तिसरं नाव डिसेंबरच्या आत यायला हवं. आलं नाही तर तिसरी टिपणी. हिमोग्लोबिन आणि पीएचक्यू-९ फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा मोजायचं. गुण सलग दोनदा १० किंवा त्यावर आले, किंवा नवव्या प्रश्नाला शून्याशिवाय कुठलंही उत्तर आलं, तर क्लोजिंग संपण्याची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे आणि यजमानांनाही माहीत आहे.